आधी थोरली, मग धाकटी

गुरुवारी दुपारी, मधली सुट्टी संपून तास सुरू होत असताना, दहावीतली एक मुलगी संगणकाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात जाड कागदांची चळत होती आणि चेहऱ्यावर, मोठ्या माणसाची चूक पकडल्यावर येतो तसला समाधानी भाव होता.

"बाई, गणिताच्या पेपरातला चौथा प्रश्न चुकलाय. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोनशे होतेय."

"कुठल्या पेपरातला गं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"सोमवारच्या."

बाईंची बोटं की-बोर्डवर जिथे होती तिथेच राहिली. "सोमवारचा पेपर तुझ्याकडे कसा आला?"

"वाचनकक्षातला प्रिंटर आपणहून सुरू झाला. मला वाटलं, भूगोलाच्या नोट्स आल्या. मग वाचायला लागले तर गणित."

"आणि कुणी वाचला?"

मुलीने थोडा विचार केला. खोटं बोलायची तिची पद्धत नव्हती. "मी मोठ्याने वाचत होते, बाई."

ही शाळा दृष्टिहीन मुलांची. इथे माणसाला नाव पडतं ते त्याच्या आवाजावरून. संगणकाच्या बाई विचार करतानासुद्धा टेबलावर बोटं आपटत, म्हणून त्या खटखटबाई. मुख्याध्यापिका स्वतः जन्मापासून दृष्टिहीन. त्यांच्या कमरेच्या जुडग्याचा आवाज त्यांच्या आधी वर्गात पोचायचा, म्हणून त्या किल्ल्याबाई. गणिताच्या सरांचं कुठलंही वाक्य घसा खाकरल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून ते खाकरेसर. ही नावं कुणी तोंडावर घेत नसे आणि ज्याची त्याला ती पक्की ठाऊक होती.

खटखटबाईंची खोली मधोमध. डाव्या भिंतीपलीकडे मुलांचा वाचनकक्ष, उजव्या भिंतीपलीकडे परीक्षेची छोटी खोली, कायम कुलूपबंद. दोन्हीकडे एकेक ब्रेल प्रिंटर. जाड कागदावर ठिपके उठवणारं हे यंत्र चालू झालं की पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज होतो, म्हणून ते संगणकाजवळ ठेवायची सोय नाही. भिंतींना भोकं पाडून दोन्ही वायरी मधल्या संगणकापर्यंत आणलेल्या. दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची, एकाच घडणीची, फक्त दोन वर्षांच्या अंतराने आलेली. म्हणून शाळेच्या सफाईवाल्या मावशींनी त्यांची नावं थोरली आणि धाकटी ठेवलेली. थोरली वाचनकक्षात पुस्तकं छापायची, धाकटी कुलपाआड प्रश्नपत्रिका.

आणि गुरुवारी धाकटीचं काम थोरलीने केलं होतं.

*

किल्ल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या कधी आवाज चढवत नसत. रागावल्या की जुडगं मुठीत घट्ट धरत, आणि खोलीत अचानक शांतता व्हायची. आत्ता तशी शांतता झाली.

"वरच्या कार्यालयाला कळवायला हवं," त्या म्हणाल्या.

"आजच?"

"आपली चूक आपणच आधी सांगितलेली बरी."

त्यांनी कळवलं, आणि शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. खटखटबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. नवी प्रश्नपत्रिका काढावी. सोमवारी ती शाळेतच छापायला हरकत नाही. मात्र पेपर चुकीच्या खोलीत जाणार नाही अशी कायमची, हाताने काही करावं न लागणारी व्यवस्था केल्याचं लेखी द्यावं. पुन्हा असं घडल्यास शाळेची स्वतः छापण्याची परवानगी रद्द होईल आणि पेपर पूर्वीप्रमाणे बाहेरून येतील.

पूर्वीप्रमाणे. खटखटबाईंना ते पूर्वी चांगलं आठवत होतं. बाहेरून गठ्ठे यायचे ते एकावर एक रचलेले, वर आणखी कशाकशाची ओझी. खालच्या पेपरांचे ठिपके चेपून सपाट. मुलं कागदावरून बोट फिरवत राहायची, जणू पुसलेल्या पाटीवर काही लिहिलंय का ते शोधतायत. मग कुणीतरी डोळस माणूस बसून प्रश्न वाचून दाखवायचा, सहा मुलांमध्ये एक. हळू वाचा म्हटलं की तो वैतागायचा, पुन्हा वाचा म्हटलं की घड्याळ बघायचा. इथेच छापायची परवानगी मिळावी म्हणून खटखटबाईंनी अकरा अर्ज केले होते. अकराव्याला हो आलं, त्याला आता सहा वर्षं झाली.

"मी करते," त्या म्हणाल्या. "माझी जबाबदारी."

"ख्खं. मी एक सुचवू?" खाकरेसर दारातूनच बोलले. नवा पेपर काढायचं काम अंगावर पडल्यामुळे ते सकाळपासून घुश्शात होते. "छापताना वाचनकक्षाची वायर उपटून टाका की! हाय काय आणि नाय काय."

"सर, एक उपटली की उरलेली पहिली होते. संगणकाला थोरली-धाकटी कळत नाही. जी आधी हाक देईल ती शून्य नंबर, नंतर हाक देईल ती एक नंबर. पेपर एक नंबरकडे जातो. एकटीच उरली तर ती शून्य, आणि पेपर अडकून बसला."

"म्हणजे संगणकाला तुम्ही इतकी वर्षं एवढंही शिकवलं नाहीत?"

"आणि वायर उपटण्याचं मला लिहून देता येणार नाही, सर," किल्ल्याबाई म्हणाल्या. "तुम्ही चौथा प्रश्न बघा."

*

छपाईचा हा संगणक दहा वर्षांचा. कुणीतरी दान दिलेला, धापा टाकत चालणारा. त्याला विकतची जड प्रणाली झेपेना, म्हणून खटखटबाईंनीच त्याच्यावर लिनक्सची एक अगदी हलकी, मुक्त आवृत्ती चढवली होती. हलकी म्हणजे इतकी हलकी की तिच्यात गरजेपलीकडे काहीच नाही. जोडलेली यंत्रं ओळखून त्यांना कायमची नावं देणारा एक कारभारी असतो, त्याला यूडेव्ह म्हणतात. तो या आवृत्तीत आपला आपण येत नाही. हवा असेल तर आणून बसवावा लागतो. सहा वर्षं त्याच्यावाचून अडलं नव्हतं, म्हणून बाईंनी तो बसवलाच नव्हता.

आता बसवला. शुक्रवारी दुपारी, पुस्तिका वाचून, एकेक पायरी पुन्हा तपासून. कारभाऱ्याला कामावर ठेवलं, संगणक बंद करून चालू केला, आणि पडदा उजळला.

की-बोर्ड चालेना. माऊस चालेना. पडद्यावर लुकलुकणारी ती छोटी रेघ बाईंकडे बघत राहिली आणि बाई तिच्याकडे.

"छान!" बाई म्हणाल्या. "दोन प्रिंटर ओळखायला आणला, तर ह्यानं घरातलीच माणसं ओळखायची बंद केली."

दुसऱ्या एका वर्गातून संगणक उचलून आणला, त्यावरून इंटरनेटवर शोधाशोध सुरू झाली. जगात हाच त्रास झालेले कितीतरी लोक होते. त्यातल्या एकाने आठ वर्षांपूर्वी लिहिलं होतं, 'जमलं! सगळ्यांचे आभार.' काय जमलं, कसं जमलं, ते सांगायची त्याला गरज वाटली नव्हती. बाईंना त्या अनोळखी माणसाचा इतका राग आला की त्यांनी उठून पाणी पिऊन घेतलं. त्यांनी स्वतः प्रश्न टाकला, नीट सविस्तर. पहिलं उत्तर आलं, 'पुस्तिका वाचा.' दुसरं आलं, 'ही आवृत्ती कशाला वापरता? मी वापरतो ती वापरा.' तिसऱ्याने विचारलं, 'पण आजकाल ब्रेल छापतं कोण?'

त्या तिसऱ्याला बाईंनी चार ओळींचं उत्तर लिहिलं, पुसलं, दोन ओळींचं लिहिलं, तेही पुसलं. साडेचार वाजता कळलं की कारभाऱ्याला नुसतं ठेवून भागत नाही. संगणक सुरू होताना त्याने कधी उठायचं, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, तेही सांगावं लागतं. ते सांगितलं. की-बोर्ड जिवंत झाला. बाईंनी लिहिलेलं पहिलं अक्षर पडद्यावर उमटलं तेव्हा त्यांना हायसं वाटण्याऐवजी रडू येईल की काय असं झालं.

त्या संध्याकाळी घरी जेवताना नवऱ्याने सगळी हकिकत ऐकली. घास चावत चावत त्याने गंभीरपणे विचारलं, "बंद करून चालू करून बघितलंस का?"

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"काय झालं?"

"अहो, बंद करून चालू केलं म्हणूनच झालंय सगळं! दर वेळी चालू करताना दोघींत शर्यत लागते. कधी ही पहिली, कधी ती."

"मग बंदच करू नकोस."

सासूबाई म्हणाल्या, "तू गप्प बस बरं. तिला जेवू दे. आणि काय गं, सहा वर्षं नीट चाललं होतं ना? मग आत्ताच काय धाड भरली?"

बाई म्हणाल्या, "यंत्रं म्हातारी झाली असतील." म्हणाल्या खऱ्या, पण प्रश्न मनात राहिला, दातात अडकलेल्या कणासारखा.

*

शनिवारी शाळेला अर्धी सुट्टी. मुलं वसतिगृहात गेली आणि बाई पुन्हा संगणकासमोर बसल्या.

कारभाऱ्याला द्यायचा नियम म्हणजे एक ओळ. अमुक खुणेचं यंत्र दिसलं की त्याला अमुक नावाने हाक मार. खूण कुठली? तर प्रत्येक यंत्राच्या वायरीत बनवणाऱ्याने एक क्रमांक घातलेला असतो. थोरलीचा क्रमांक वाचायचा, धाकटीचा वाचायचा, दोन ओळी लिहायच्या, काम फत्ते. पुस्तिकेत हे असं अर्ध्या पानात दिलेलं होतं आणि शेवटी लेखकाने 'इतकं सोपं!' असं लिहिलं होतं.

पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. तासाभराने सापडलं, की नियमात बरोबरचं चिन्ह दोनदा काढलं तर 'असं आहे का बघ' आणि एकदाच काढलं तर 'असं कर'. बाईंनी बघायला सांगण्याऐवजी करायला सांगितलं होतं. दुरुस्त केलं. बंद, चालू. चार मिनिटं धापा.

आता 'धाकटी' हे नाव पडद्यावर दिसलं. बाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत सुस्कारा सोडला आणि चाचणीचं एक पान पाठवलं.

खडखडाट डाव्या भिंतीपलीकडून आला. वाचनकक्षातून.

"अगं बाई, काय ही पीडा!" त्या एकट्याच मोठ्याने म्हणाल्या.

दोन्ही वायरींचे क्रमांक त्यांनी पुन्हा काढून बघितले. थोरलीचा क्रमांक, तीन शून्यं आणि एक. धाकटीचा क्रमांक, तीन शून्यं आणि एक. त्यांनी चष्मा पुसला. तरीही तेच. प्रिंटर जुन्या पद्धतीचे, म्हणून मध्ये जोडणीच्या स्वस्तातल्या वायरी घातलेल्या. आणि बनवणाऱ्याने कष्ट नकोत म्हणून सगळ्या वायरींत एकच क्रमांक छापून टाकलेला. कारभाऱ्याची तरी काय चूक? त्याला दारात दोन बायका दिसल्या, दोघीही म्हणाल्या 'मीच ती', आणि जी नंतर बोलली तिच्या कपाळावर त्याने नावाची चिठ्ठी चिकटवली.

"ख्खं. जमलं का?" खाकरेसर दारात. हातात नवा पेपर.

"नाही."

"मग सोमवारी?"

"सर, तुम्ही तो तिथे ठेवा आणि जा. कृपा करून."

सर पेपर ठेवून निघाले आणि दोन पावलांवरून परत आले. या वेळी घसा न खाकरताच त्यांचा आवाज निघाला. "बाई, बाहेरून पेपर यायचे तेव्हा मी वाचून दाखवायला बसायचो. सहा पोरं, सहा वेगवेगळे वेग. एकाला न्याय दिला की पाच जणांवर अन्याय. मला ते पुन्हा नको आहे, एवढंच." आणि ते गेले.

मग बाईंना आठवलं, की कधीतरी दुसऱ्या बनावटीची एक जादा वायर आणलेली होती. तिचा क्रमांक निराळा असणार. एक जरी बदलली तरी गुंता सुटला. कपाट शोधलं, खण शोधले, धुळीने हात काळे झाले. वायर नाही. शाळेतली कुठली वस्तू कुठे आहे हे छातीठोक सांगणारं माणूस एकच, आणि त्या मावशी गेल्या रविवारीच मुलीच्या बाळंतपणाला गावी गेल्या होत्या.

बाईंनी फोन लावला.

"मावशी, कसं आहे सगळं?"

"मुलगी झाली, बाई! काल पहाटे. रडते इतकी, की तुमची ती थोरली परवडली."

बाईंना तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. अभिनंदन झालं, बाळंतिणीची चौकशी झाली. मग त्यांनी वायरीचं विचारलं.

"ती होय? ती मागच्या वर्षी संगीताच्या सरांनी नेली. परत कुठली येतेय! का हो, काय झालं?"

बाईंनी थोडक्यात सांगितलं.

"बाई, रागावणार नसाल तर एक विचारू? वायरी काढून ठेवताय ना रोज?"

"नाही. बदलीवर आलेल्या शिपायांना मीच सांगितलं, ती रोजची काढघाल बंद करा म्हणून. वायरींची तोंडं सैल होतात त्यानं."

मावशींची ती रोजची काढघाल सगळ्या शाळेत प्रसिद्ध होती. संध्याकाळी जाताना दोन्ही वायरी संगणकातून उपसायच्या, पुसून गुंडाळून ठेवायच्या. सकाळी पुन्हा लावायच्या. बाईंनी अनेकदा थट्टा केली होती, मावशींचा विधी सुरू झाला म्हणून. खाकरेसर तर म्हणायचे, त्या यंत्रांना रात्री पांघरूणही घालत असतील.

"तिथंच घोटाळा झाला बघा," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. "संगणक पुरता जागा झाल्याशिवाय वायर लावायचीच नाही. मग आधी थोरली. मग मी मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणते, सबंध. मग धाकटी. असं केलं की चुकत नाही."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं, मावशी?"

"कोण शिकवणार? धाकटी आली त्या साली एकदा मी तिला आधी लावली, तर गोष्टीचं पुस्तक कुलपाच्या खोलीत छापून आलं. कुणी बघायच्या आत मी कागद उचलले. म्हटलं, माझ्या हातून झालं, आता माझ्या हातून पुन्हा होणार नाही. तेव्हापासून नेम धरला. सहा वर्षांत एक दिवस मोडला नाही. ताप होता तेव्हासुद्धा येऊन लावून गेले होते."

"मग मला कधी बोलला नाहीत!"

"बाई, तुम्ही संगणकाच्या. तुम्हाला मी काय सांगायचं? मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार."

हे बोलणं साधं होतं, त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. सहा वर्षं दरवर्षी बाईंनी वर लिहून पाठवलं होतं, की शाळेतली छपाईची व्यवस्था आपोआप चालते. आणि ती व्यवस्था सकाळी साडेसातला, ओल्या हाताचं पाणी साडीला पुसून, थोरलीची वायर उचलत होती.

"आणि हो," मावशी सांगत होत्या, "थोरलीची वरच्या भोकात आणि धाकटीची खालच्या. उगाच सरमिसळ नको म्हणून. दोऱ्याची खूण बांधलीय, बघा."

बाईंनी वाकून संगणकाच्या मागे बघितलं. एका वायरीला निळा दोरा, एकीला पांढरा. निळी वर, पांढरी खाली. शिपायांनीही दोरे बघून तसंच ठेवलं होतं.

"वर आणि खाली," बाई स्वतःशी म्हणाल्या.

"दोघी दिसायला सारख्या असल्या म्हणून काय झालं," मावशी म्हणाल्या, "बसायची जागा तर ज्याची त्याची असते ना?"

बाईंनी फोन ठेवला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. क्रमांक, क्रमांक करत दोन दिवस गेले. कारभारी क्रमांक बघतो तसा वायर कुठल्या भोकात आहे तेही बघू शकतो; ते पुस्तिकेत पुढच्याच पानावर होतं. पण 'इतकं सोपं!' वाचल्यावर पान उलटायची बुद्धी झाली नव्हती.

नवा नियम लिहायला सहा मिनिटं लागली. वरच्या भोकातली ती थोरली. खालच्या भोकातली ती धाकटी. कोण आधी उठलं याच्याशी कारभाऱ्याला देणंघेणं नाही. मग त्यांनी संगणक बंद करून चालू केला, पान पाठवलं, आणि कान उजवीकडे लावला. उजवीकडे खडखडाट. पुन्हा बंद, चालू. उजवीकडे. एकदा मुद्दाम दोन्ही वायरी काढून धाकटी आधी लावली. तरी उजवीकडे. दर खेपेला चार मिनिटं, अशा दहा खेपा. दहाही वेळा उजवीकडे.

घरी जाताना त्या इतक्या दमल्या होत्या, की आनंद व्हायचा राहूनच गेला.

*

सोमवारी सकाळी साडेसातला किल्ल्याबाई वाचनकक्षात येऊन बसल्या. त्यांनी खुर्ची थोरलीच्या शेजारी ओढून घेतली आणि तळहात तिच्या झाकणावर ठेवला. "मी इथे आहे," त्यांनी भिंतीतून आवाज दिला. "ही हलली तर मला कळेल. ऐकू येण्याच्याही आधी."

मधल्या खोलीत खटखटबाई संगणकासमोर उभ्या होत्या. नियम लिहिलेला होता, दहा वेळा तपासलेला होता. नुसतं बटण दाबायचं होतं. पण त्यांचा हात बटणाकडे जाईना. शेवटी त्या वाकल्या, दोन्ही वायरी काढल्या, फडक्याने पुसल्या. संगणक चालू केला. तो पुरता जागा होईपर्यंत थांबल्या, एरवी थांबत नसत तितका वेळ. मग निळ्या दोऱ्याची वायर वरच्या भोकात लावली. डोळे मिटून एक प्रार्थना म्हटली. मध्येच आपण भरभर म्हणतोय हे लक्षात आलं, तेव्हा पहिल्यापासून म्हटली, सबंध. मग पांढऱ्या दोऱ्याची, खाली.

"काय चाललंय? इतका वेळ?" पलीकडून प्रश्न आला.

"होतंय, बाई."

त्यांनी पेपर पाठवला.

एक क्षण काहीच नाही. त्या एका क्षणात खटखटबाईंना अकराच्या अकरा अर्ज आठवले. मग उजव्या भिंतीपलीकडे, कुलपाआड, पत्र्यावर खडी ओतायला सुरुवात झाली.

"बाई!" त्या ओरडल्याच. "तुमच्याकडे?"

"गार आहे," किल्ल्याबाई म्हणाल्या. "झोपलीय. हूं की चूं नाही." आणि बऱ्याच वेळाने, मुठीतलं जुडगं सुटल्याचा छुमछुम आवाज आला.

सव्वीस प्रती छापून व्हायला दोन तास लागले. तोवर किल्ल्याबाईंनी हात काढला नाही. नंतर त्या मधल्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "आता लिहून द्यायचं पत्र. काय लिहायचं? कुणी केलं हे, तुमच्या नियमानं की मावशींच्या?"

"आज दोन्ही केले," खटखटबाई ओशाळून म्हणाल्या. "धीर होईना. पण शनिवारी दहा वेळा नुसत्या नियमावर चाललंय. तसं लिहायला हरकत नाही."

"मग तसंच लिहा. आणि सहा वर्षं ते कुणी सांभाळलं, तेही लिहा. नावानिशी."

पत्र लिहून झाल्यावर खटखटबाईंनी नियमांची फाइल उघडली. तिथे ओळीच्या सुरुवातीला एक विशिष्ट चिन्ह काढलं की कारभारी ती ओळ वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी असते. सगळ्यात वर त्यांनी तशी एक ओळ घातली: थोरली वरच्या भोकात, धाकटी खालच्या; जागा मावशींनी ठरवलेल्या आहेत, विचारल्याशिवाय बदलू नयेत.

अकरा वाजता परीक्षेच्या दालनात पेपर वाटले गेले. सव्वीस मुलांची बोटं ठिपक्यांवरून सरकू लागली, पावसाच्या बारीक थेंबांसारखा त्यांचा आवाज. खाकरेसर दोन रांगांमधून फेऱ्या घालत होते. खटखटबाई दाराशी उभ्या होत्या.

पाचेक मिनिटांनी दहावीतल्या त्या मुलीने हात वर केला.

"सर, चौथा प्रश्न..."

सर जागच्या जागी थबकले. "ख्खं. आता काय?"

मुलीचं बोट त्या ओळीवरून पुन्हा एकदा, सावकाश, शेवटपर्यंत गेलं.

"काही नाही, सर. या वेळी एकशे ऐंशीच होतायत."